परीक्षा लवकर, प्रवेश तेव्हाच

बारावीची परीक्षा आधी घेतली की निकाल आधी लागतो, निकाल आधी लागला की प्रवेश आधी होतात, आणि प्रवेश आधी झाले की मुलांचे भले होते. ही तीन पायऱ्यांची समजूत आज इतकी घट्ट बसली आहे, की तिच्याबद्दल शंका घेणाराच वेड्यात निघतो. पालक हे म्हणतात, क्लासवाले म्हणतात, प्राचार्यांच्या सभेत हेच ऐकू येते. मंडळानेही ते मान्य केले आणि कृतीत आणले. २०२३ आणि २०२४ मध्ये बारावीची लेखी परीक्षा २१ फेब्रुवारीला सुरू झाली होती. २०२५ मध्ये ती ११ फेब्रुवारीला आली, २०२६ मध्ये १० फेब्रुवारीला. दहा-अकरा दिवस अलीकडे. दहावीही त्याच मापाने सरकली.

पुण्यात या विषयाला वेगळी धार आहे. राज्य मंडळाचे मुख्यालय इथेच, भांबुर्ड्यात. अकरावीच्या प्रवेशांचा कारभार पाहणारे शिक्षण संचालनालय इथेच. आणि फर्ग्युसन, एस. पी., सीओईपी अशा नावांसाठी सगळ्या महाराष्ट्रातून मुले येतात तीही इथेच. निकालाच्या तारखेची चर्चा इथे घरोघरी होते. म्हणून या समजुतीची तपासणीही इथूनच व्हायला हवी.

आपल्याकडे वादाची एक चांगली रीत होती. आधी पूर्वपक्ष मांडायचा, तोही प्रतिपक्षाला मान्य होईल इतक्या प्रामाणिकपणे, आणि मगच उत्तराला हात घालायचा. ती रीत पाळतो.

पूर्वपक्ष असा. आपले निकाल मेअखेरीस लागत, तोवर खासगी आणि अभिमत विद्यापीठांनी आपापल्या जागा भरून टाकलेल्या असत. सीबीएसईची मुले निकाल हातात घेऊन आधीच दारात उभी असत. अभियांत्रिकीच्या केंद्रीय फेऱ्या ऑगस्ट-सप्टेंबरपर्यंत रेंगाळत आणि पहिले सत्र कापले जाई. नापास झालेल्या मुलांची पुरवणी परीक्षा जुलैच्या मध्यावर होई, तिचा निकाल ऑगस्टअखेर येई, आणि तोवर बहुतेक दारे बंद झालेली असत. परीक्षा दहा दिवस आधी घेतली तर ही सगळी साखळी दहा दिवसांनी अलीकडे येईल. शिवाय लेखी परीक्षा आणि व्यावसायिक प्रवेशांसाठीची सीईटी यांच्यामध्ये अभ्यासाला सुट्टी वाढेल. विदर्भ-मराठवाड्यातल्या मुलांचे मार्चच्या उन्हात परीक्षेला जाणेही टळेल.

हा पक्ष दुबळा नाही. त्यातल्या दोन गोष्टी मला मान्यच आहेत, त्यांच्याकडे पुढे येतो. पण त्याचा मुख्य दावा कार्यकारणाचा आहे: परीक्षेची तारीख हे कारण, प्रवेशाची तारीख हे कार्य. असा दावा तपासायचा तर नैयायिकांची अन्वय-व्यतिरेकाची कसोटी पुरेशी आहे. कारण असेल तिथे कार्य दिसते का? आणि कारण नसेल तिथे कार्यही नसते का?

आधी अन्वय पाहू. दहावीचा निकाल २०२३ मध्ये २ जूनला लागला आणि अकरावीची पहिली यादी जूनच्या तिसऱ्या आठवड्यात आली. २०२४ मध्ये निकाल २७ मेला, यादी जूनच्या शेवटच्या आठवड्यात. २०२५ मध्ये निकाल १३ मेला लागला, म्हणजे दोन वर्षांपूर्वीच्या मानाने वीस दिवस आधी. पहिली नियमित यादी मात्र लागली २८ जूनला. निकाल वीस दिवस अलीकडे आला आणि यादी आठवडाभर पुढे गेली. निकाल आणि यादी यांच्यातले अंतर तीन आठवड्यांहून कमी होते ते ४६ दिवसांवर पोहोचले.

बारावीचे चित्रही हेच आहे. २०२३ मध्ये बारावीचा निकाल २५ मेला लागला, एमएचटी-सीईटीचा १२ जूनला. २०२४ मध्ये बारावी २१ मे, सीईटी १६ जून. २०२५ मध्ये बारावीचा निकाल ५ मेला, इतक्या लवकर की वर्तमानपत्रांनी त्याचीच मोठी बातमी केली. आणि सीईटीचा? अभियांत्रिकीच्या गटाचा १६ जूनला, म्हणजे आदल्या वर्षीच्याच तारखेला, आणि जीवशास्त्र गटाचा त्याच्या दुसऱ्या दिवशी. मुलांच्या हातात बारावीचे गुण सहा आठवडे नुसते पडून राहिले. अभियांत्रिकीच्या केंद्रीय फेरीची नोंदणी २८ जूनला सुरू झाली आणि पहिले जागावाटप जुलैअखेरीस झाले.

५ मे २०२५ ही तारीख तर मुद्दाम लक्षात ठेवावी अशी आहे. त्याच दिवशी दुपारी बारावीचा निकाल लागला, आणि त्याच दिवशी राज्यातली सुमारे २७ हजार मुले सीईटीच्या केंद्रावर फेरपरीक्षा देत होती. २७ एप्रिलच्या सकाळच्या सत्रात गणिताच्या वीसहून अधिक प्रश्नांचे पर्याय चुकीचे निघाले होते, म्हणून सीईटी कक्षाने ती पुन्हा घेतली. मंडळाने धावपळ करून दहा दिवस वाचवले, आणि ज्या परीक्षेच्या गुणांवर प्रवेश ठरायचा ती अजून पुरी व्हायचीच होती.

कुणी म्हणेल, २०२५ हे अपवादाचे वर्ष होते. अकरावीची ऑनलाइन प्रक्रिया त्या वर्षी पहिल्यांदाच सगळ्या राज्याला लागू झाली. २१ मेला संकेतस्थळ उघडताच कोलमडले आणि २६ मेला पुन्हा सुरू झाले. मग त्या एका वर्षावरून निष्कर्ष कसा काढायचा?

या आक्षेपाचे उत्तर इतिहासात आहे. अपवाद नसलेले वर्ष मला दाखवा. २००८ मध्ये अकरावीसाठी पर्सेंटाइलचे सूत्र आणले, ते उच्च न्यायालयात टिकले नाही. २००९ मध्ये राज्य मंडळाच्या मुलांसाठी नव्वद टक्के जागांचा ९०:१० चा निर्णय झाला, तोही रद्द ठरला. २०१० मध्ये 'बेस्ट फाइव्ह', म्हणजे सर्वोत्तम पाच विषयांचे गुण धरण्याचे धोरण, उच्च न्यायालयाने रद्द केले आणि सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा उभे केले. तिन्ही वर्षी निकाल वेळेवर लागलेले होते आणि मुले न्यायालयाच्या तारखा मोजत होती. २०२० मध्ये मराठा आरक्षणाला सर्वोच्च न्यायालयाने ९ सप्टेंबरला स्थगिती दिली आणि अकरावीची दुसरी यादी जी थांबली ती डिसेंबरात लागली. २०२१ मध्ये अकरावीसाठी स्वतंत्र सीईटी ठरली, ती उच्च न्यायालयाने १० ऑगस्टला रद्द केली. २०२४ मध्ये बीबीए, बीसीए यांसारख्या अभ्यासक्रमांना पहिल्यांदा सीईटी आली. बारावीचा निकाल २१ मेला लागला होता, सीईटी झाली २९ मेला. कित्येकांना अशी परीक्षा आहे हेच ठाऊक नव्हते, त्यामुळे जागा रिकाम्या राहणार असे दिसू लागले आणि ऑगस्टमध्ये दुसऱ्यांदा सीईटी घ्यावी लागली. दहावी-बारावीच्या परीक्षा जानेवारीत घेतल्या असत्या तरी यातल्या एकाही वर्षी प्रवेश एक दिवसही आधी झाला नसता.

आता व्यतिरेक. परीक्षा उशिरा असूनही प्रवेश वेळेवर होतात, असे कुठे आहे का?

तमिळनाडूत आहे. तिथे २०२५ ची बारावीची परीक्षा ३ मार्चला सुरू झाली, आपल्याहून वीस दिवसांनी उशिरा. निकाल ८ मेला, आपल्यानंतर तीन दिवसांनी. अभियांत्रिकीच्या प्रवेशाची नोंदणी मेमध्येच उघडली, गुणवत्ता यादी जूनअखेर लागली आणि सर्वसाधारण समुपदेशन जुलैच्या मध्यावर सुरू झाले. उशिरा परीक्षा घेऊनही ते आपल्याआधी पोहोचले. कारण उघड आहे: त्या राज्याने २००६ च्या कायद्याने अभियांत्रिकीची वेगळी प्रवेश परीक्षा काढून टाकली आणि बारावीचे गुण हाच पाया धरला. आपणही तसेच करावे असे माझे म्हणणे नाही. प्रवेश परीक्षेच्या बाजूने बोलण्यासारखे पुष्कळ आहे. पण व्यतिरेकाच्या कसोटीला हे एक उदाहरण पुरे.

चीनचे उदाहरण तर डोळ्यांत भरावे असे. तिथली गाओकाओ ही राष्ट्रीय परीक्षा दरवर्षी ७ जूनला सुरू होते. २०२४ मध्ये तिला एक कोटी तीस लाखांहून अधिक मुले बसली. निकाल जूनच्या शेवटच्या आठवड्यात, प्रवेश जुलै-ऑगस्टमध्ये, वर्ग सप्टेंबरात. आपण फेब्रुवारीत परीक्षा घेतो आणि सप्टेंबरात वर्ग भरवतो, ते जूनमध्ये घेतात आणि तेही सप्टेंबरातच भरवतात. मधले चार महिने आपण कशात घालवतो, हा खरा प्रश्न आहे.

आपल्याच २०२२ चा अनुभवही विसरायला नको. त्या वर्षी राज्य मंडळाचा दहावीचा निकाल १७ जूनला लागला, सीबीएसईचा मात्र २२ जुलैला. अकरावीची पहिली यादी लागली ३ ऑगस्टला. पंगतीत शेवटच्या पानावर वाढून झाल्याशिवाय पहिल्या पानावरचा माणूस घास उचलत नाही, तसेच झाले. आपल्या मुलांनी पाच आठवडे वाट पाहिली, कारण सामाईक गुणवत्ता यादी सगळ्यांचे गुण आल्याशिवाय बनतच नाही. 'सीबीएसईवाले आधी येऊन जागा घेतात' या भीतीचेही उत्तर यातच आहे. केंद्रीय यादीत आधी आला म्हणून कुणाला जागा मिळत नाही. तिथे गुण पाहतात, निकालाची तारीख पाहत नाहीत. एका मंडळाने निकाल कितीही आधी लावला, तरी यादी शेवटच्या मंडळाच्या तारखेला बांधलेली असते.

परीक्षेच्या तारखेवर प्रवेशाची तारीख ठरत नसेल, तर ती ठरते कशावर? जो कागद सर्वांत शेवटी येतो त्याच्यावर. हा शेवटचा कागद कोणता, हे अभियांत्रिकीपुरते नीट पाहण्यासारखे आहे, कारण पुण्यातल्या विज्ञान शाखेच्या घरांची निम्मी चिंता तिथेच आहे.

२०१४ आणि २०१५ मध्ये महाराष्ट्रात अभियांत्रिकीच्या प्रवेशाला बारावीचे गुण निम्मे आणि जेईई मेनचे निम्मे धरत. २०१६ पासून पुन्हा सीईटी आली. तेव्हापासून बारावीचे गुण अभियांत्रिकीपुरते पात्रतेचे उरले: खुल्या प्रवर्गाला भौतिकशास्त्र, गणित आणि तिसऱ्या विषयात मिळून ४५ टक्के, राखीव प्रवर्गाला ४०. त्याच्यापुढे क्रम लावते ती सीईटी. म्हणजे बारावीचा निकाल लवकर लागून कळते एवढेच, की मूल रांगेत उभे राहायला पात्र आहे. रांगेत त्याची जागा कितवी, हे सीईटीचा निकाल सांगतो. पहिली गोष्ट सहा आठवडे आधी कळल्याने दुसरी लवकर कळत नाही. त्यात २०२६-२७ च्या प्रवेशांसाठी सीईटी दोनदा घेण्याचे सरकारने जाहीर केले, एकदा एप्रिलमध्ये आणि एकदा मेमध्ये. मुलांना दुसरी संधी मिळावी, हे चांगलेच आहे. पण दुसरी परीक्षा मेमध्ये होणार असेल तर तिचा निकाल त्यानंतरच येणार. मग फेब्रुवारीच्या दहा तारखेचा हट्ट कोणासाठी?

सीईटीनंतर येतो जागांचा तक्ता. कोणत्या महाविद्यालयात कोणत्या शाखेच्या किती जागा, हे ठरायला अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेची मान्यता लागते, मग राज्य शासनाची, मग विद्यापीठाची संलग्नता, आणि शुल्क नियामक प्राधिकरणाने ठरवलेले शुल्क. हे कागद एकामागून एक येतात, आणि ते पुरे होईपर्यंत मुलाने पसंतीक्रम भरायचा तरी कशाच्या आधारावर? त्यानंतर मुलांची स्वतःची कागदपत्रे: जातीचा दाखला, जात पडताळणी, नॉन-क्रीमीलेअर, अधिवास, उत्पन्न. सेतू केंद्रासमोरची जूनमधली गर्दी ज्याने पाहिली आहे, त्याला हे निराळे सांगायला नको. दाखले द्यायची सोय वर्षभर असते, पण ते लागणार आहेत हे घरात कळते निकालानंतर. मुलगा अकरावीत असतानाच वर्गशिक्षकाने यादी हातात दिली असती, तर निकालाच्या तारखेशी त्याचा संबंधच उरला नसता.

आता पूर्वपक्षातला सर्वांत जोरदार मुद्दा: खासगी आणि अभिमत विद्यापीठे आधी जागा भरून टाकतात. हे खरे आहे. पण ती कशी भरतात ते पाहा. त्यांची प्रवेश परीक्षा वेगळी, तिच्या तारखा वेगळ्या. कित्येक ठिकाणी बारावीची परीक्षा व्हायच्या आतच तात्पुरत्या प्रवेशाचे पत्र हातात पडते आणि बारावीचा निकाल ही त्यातली एक अट असते. ब्रिटनमध्ये तर ही रीत पूर्ण रुळलेली आहे. पुण्यात केंब्रिज मंडळाच्या शाळांत शिकणाऱ्या मुलांना तिकडच्या विद्यापीठांची सशर्त पत्रे मेमधल्या परीक्षेच्या कितीतरी आधी आलेली असतात. ती शिक्षकांनी वर्तवलेल्या गुणांवर दिलेली असतात, आणि खरा निकाल ऑगस्टमध्ये लागतो. प्रवेश निकालानंतरच द्यावेत, असा प्रस्ताव तिथे बराच काळ चर्चेत होता. तिथल्या सरकारने २०२२ मध्ये तो बाजूला ठेवला. जिथे पत्र परीक्षेच्या आधीच येते, तिथे परीक्षा दहा दिवस अलीकडे आणून स्पर्धा जिंकता येत नाही. ज्याच्याशी स्पर्धा आहे तो निकालाची वाटच पाहत नाही.

उलट निकाल आधी लावून आणि केंद्रीय फेऱ्या होत्या तिथेच ठेवून आपण त्या विद्यापीठांचे काम सोपे केले. पूर्वी निकाल आणि केंद्रीय फेरी यांच्यात जेवढे दिवस होते त्याहून आता जास्त आहेत. हे सगळे दिवस पालकांच्या घाबरण्याचे आहेत.

पुण्यातल्या कोणत्याही महाविद्यालयाच्या प्रवेश कक्षात मे-जूनमध्ये उभे राहिले की हे दिसते. टेबलाच्या अलीकडे आई, हातात प्लास्टिकचे फोल्डर, त्यात झेरॉक्सचे तीन-तीन संच. पलीकडे लिपिक म्हणतो, "मूळ एलसी आणि गुणपत्रिका जमा करा, मग पावती देतो." आई विचारते, "सीईटीचा निकाल लागल्यावर काढून घेता येईल ना, सर?" लिपिकाचे उत्तर ठरलेले: "प्रवेश रद्द करायचा अर्ज द्यावा लागेल." बीएस्सीची ती जागा त्या मुलीला नको आहे, पण ती सोडून चालणार नाही असे घरात ठरले आहे, कारण केंद्रीय फेरी लांब आहे. ज्या मुलाला खरोखर बीएस्सी करायची आहे, त्याचे नाव त्याच यादीत खाली प्रतीक्षेत पडून आहे. ऑगस्टमध्ये अभियांत्रिकीचे वाटप झाले की ती मुलगी दाखला काढायला येते, आणि विज्ञानाच्या वर्गातली बाके सत्र सुरू झाल्यावर रिकामी होतात. तोवर प्रतीक्षेतला मुलगा दुसरीकडे गेलेला असतो.

मोठ्या शुल्काच्या संस्थेत हेच घडते तेव्हा अडकलेली रक्कम मोठी असते. शुल्क परतीबाबत विद्यापीठ अनुदान आयोगाचे नियम आहेत. २०२४-२५ साठी आयोगाने ३० सप्टेंबरपर्यंत प्रवेश रद्द केल्यास पूर्ण शुल्क आणि ३१ ऑक्टोबरपर्यंत फार तर एक हजार रुपये कापून बाकीचे शुल्क परत द्यायला सांगितले होते. नियम चांगला आहे. पण पैसे परत येईपर्यंत ते कुणाच्या तरी खात्यातून गेलेले असतात, आणि पुढच्या प्रवेशाचे शुल्क त्याआधी भरावे लागते. दोन ठिकाणचे शुल्क एकाच वेळी उभे करणे ज्याला जमते त्याच्यासाठी ही सहा आठवड्यांची वाट म्हणजे थोडी गैरसोय. ज्याला जमत नाही तो पहिली मिळालेली जागा धरून बसतो. निकाल आणि वाटप यांच्यातले अंतर वाढले की तोटा कोणाच्या वाट्याला येतो, हे सांगायला संशोधनाची गरज नाही.

आता ज्या दोन गोष्टी मान्य केल्या त्यांच्याकडे येतो. पुरवणी परीक्षेचा फायदा खरा आहे. २०२४ मध्ये ती १६ जुलैला सुरू झाली आणि निकाल २३ ऑगस्टला लागला. २०२५ मध्ये ती २४ जूनलाच सुरू झाली, निकाल जुलैअखेरीस आला. एकेकाळी नापास झालेल्या मुलाला ऑक्टोबरच्या परीक्षेपर्यंत थांबावे लागे आणि वर्ष गेलेच असे समजून घरचे त्याला कामाला लावत. त्या मानाने ही मोठी सुधारणा आहे. तिला विरोध करणारा मी कोण? पण हा लाभ मुख्य परीक्षा आधी घेऊनच मिळतो असे नाही. २०२४ मध्ये बारावीचा निकाल आणि पुरवणी यांच्यात आठ आठवडे होते, २०२५ मध्ये सात. हे अंतर पाच आठवड्यांवर आणले तर २१ मेच्या निकालानंतरही पुरवणी जूनच्या शेवटच्या आठवड्यातच सुरू होते. उत्तरपत्रिका तपासण्याचा आणि पुनर्मूल्यांकनाचा वेग वाढवणे हे मंडळाच्या हातातले काम आहे. त्यासाठी शिकवण्याचे दिवस कापायला नकोत.

उन्हाचा मुद्दाही मान्य. मार्चअखेरीस नागपूर-अकोल्यात पत्र्याच्या वर्गात तीन तास पेपर लिहिणे सोपे नाही. पण जुन्या वेळापत्रकातही बारावीचे बहुतेक मोठे विषय मार्चच्या मध्यापर्यंत संपत होते. ऊन टाळायचे तर सकाळचे सत्र आणि पंखे-पाणी यांची व्यवस्था करता येते. फेब्रुवारीचा पहिला पंधरवडा हा त्यावरचा एकच उपाय नाही.

या लाभांच्या बदल्यात आपण काय दिले, ते आता पाहू, कारण पूर्वपक्ष ते कधीच मोजत नाही. बारावीचे वर्ग जूनच्या मध्यावर भरतात. मध्ये गणपती, सहामाही, दिवाळीची सुट्टी. २०२४-२५ मध्ये भर पडली विधानसभा निवडणुकीची: २० नोव्हेंबरला मतदान, शिक्षकांना निवडणुकीचे काम, शाळांत मतदान केंद्रे. नेमक्या त्याच वर्षी परीक्षा दहा दिवस अलीकडे आणली गेली. डिसेंबर-जानेवारीत प्रिलिम. प्रात्यक्षिक परीक्षा २४ जानेवारीला सुरू झाल्या आणि १० फेब्रुवारीपर्यंत चालल्या, दुसऱ्या दिवशी लेखी. त्याच काळात, २२ ते ३० जानेवारीच्या दरम्यान, जेईई मेनचे पहिले सत्र. सकाळी ब्युरेटमधले वाचन घेऊन जर्नलवर सही करून घेणारा मुलगा दुपारी हिंजवडीच्या किंवा रामटेकडीच्या केंद्रावर संगणकासमोर बसायला निघतो, आणि पंधरा-वीस दिवसांवर इंग्रजीचा पेपर असतो. ज्या मुलांनी क्लासमध्ये ऑक्टोबरातच अभ्यासक्रम उरकला आहे त्यांना हे झेपते. भोर किंवा मुळशीच्या कनिष्ठ महाविद्यालयात जे शिक्षक जानेवारीपर्यंत धडे शिकवत होते, त्यांच्या विद्यार्थ्यांचे शेवटचे दोन-तीन धडे या दहा दिवसांत गेले.

'परीक्षा लवकर संपली की सीईटीच्या तयारीला वेळ मिळतो', असे म्हणतात. मिळतो, पण कुणाला? लेखी संपल्यावर महाविद्यालय शिकवत नाही, क्लास शिकवतो. सीईटीत बारावीच्या अभ्यासक्रमावरच भर असतो. महाविद्यालयातून दहा दिवस काढून ते सुट्टीत टाकणे म्हणजे सगळ्यांना मिळणारे शिकवणे कमी करून पैसे भरणाऱ्यांना मिळणारे शिकवणे वाढवणे. हे धोरण कुणी मुद्दाम आखले असे मी म्हणत नाही. परिणाम मात्र तोच होतो.

याचे सर्वांत मोठे ओझे दिसते ते अकरावीच्या प्रवेशाशी जोडून पाहिले की. २०२५ मध्ये दहावी झालेल्या मुलांची पहिली यादी जूनअखेर लागली, पुढच्या फेऱ्या चालत राहिल्या, आणि अकरावीचे वर्ग बहुतेक ठिकाणी ऑगस्टमध्ये भरले. हीच मुले २०२७ मध्ये बारावीला बसणार. सध्याच्या चालीने ती परीक्षा फेब्रुवारीच्या पहिल्या पंधरवड्यात असेल. दोन वर्षांचा अभ्यासक्रम अठरा महिन्यांत, त्यातून सुट्ट्या आणि परीक्षा वजा. प्रवेश उशिरा म्हणून सुरुवातीचे दिवस गेले आणि परीक्षा लवकर म्हणून शेवटचे. अवकलन, विद्युतचुंबकत्व, सेंद्रिय रसायन हे धडे घाईने उरकले की पुढे अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षात गणिताचा पेपर राहतो, आणि मग दोष बारावीच्या शिक्षकाला दिला जातो.

मग काय करावे? लेखी परीक्षा पुन्हा फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यात न्यावी. सीईटीचे वेळापत्रक आणि बारावीचे वेळापत्रक एकाच दिवशी, एकमेकांकडे बघून जाहीर व्हावे. आज मंडळ शालेय शिक्षण विभागाखाली, सीईटी कक्ष उच्च व तंत्रशिक्षणाखाली. एक पुण्यात, एक मुंबईत. दोघांच्या तारखा स्वतंत्रपणे ठरतात आणि मुलाला त्या एकत्र भोगाव्या लागतात. दोन्ही निकाल एकाच आठवड्यात लागतील अशी मांडणी करावी. ते २० मेला लागोत वा ५ जूनला, फरक पडत नाही, पण त्यानंतर पंधरा दिवसांत पहिले वाटप व्हावे. जागांचे तक्ते आणि शुल्क ३० एप्रिलनंतर बदलणार नाहीत असा नियम असावा. ज्या महाविद्यालयाची मान्यता तोवर आली नसेल, त्याच्या जागा त्या वर्षी शेवटच्या फेरीत याव्यात. कागदपत्रांची पडताळणी बारावीच्या वर्गातच, दिवाळीनंतर, महाविद्यालयानेच करून घ्यावी. आणि प्रवेशाच्या नियमात बदल करायचा असेल तर तो त्या वर्षी परीक्षा देणाऱ्या तुकडीला लागू करू नये, पुढच्या तुकडीला करावा. २००८ ते २०२४ च्या बहुतेक न्यायालयीन आणि प्रशासकीय गोंधळांचे मूळ ऐन प्रवेशाच्या तोंडावर नियम बदलण्यात होते.

यातले एकही काम परीक्षेची तारीख अलीकडे आणण्याइतके सोपे नाही, हे मला ठाऊक आहे. तारीख एका परिपत्रकाने बदलते. बाकीच्या गोष्टींसाठी दोन खात्यांना, एका केंद्रीय परिषदेला आणि विद्यापीठांना एकत्र बसावे लागेल. पण पुढच्या वर्षीचे वेळापत्रक ठरवायला भांबुर्ड्यात बैठक बसेल, तेव्हा त्या टेबलावर सीईटी कक्षाचा माणूस असावा आणि त्याच्या हातात त्याच्या निकालाची तारीख असावी, एवढे तरी याच वर्षी करता येण्यासारखे आहे.